सत्तरीची हवाई सुंदरी

ती घटना आजही आठवते आणि आठवली की आधी हसू येतं. त्यानंतर जे येतं ते शेवटी सांगतो.

कळंबोलीतला एक फोटोग्राफर आमचा जुना खबरी. एका सकाळी पोलीस ठाण्यात आला, बाकावर बसला आणि हळूच म्हणाला, "साहेब, एका एजंटानं नऊवारीतल्या आजीला टाय आणि कोट चढवून माझ्याकडे फोटो काढून घेतलाय. विमान कंपनीच्या ओळखपत्रासाठी."

सत्तरी ओलांडलेली हवाई सुंदरी! हवालदारानं चहा बाजूला ठेवला. मीही ठेवला.

चौकशीत उलगडलं ते असं. तळोज्यात ट्रकचा धंदा असलेल्या एका आगरी गृहस्थानं मुलीचं लग्न परदेशात ठरवलं होतं. खाजगी विमान भाड्यानं घेतलं. घरच्यांचे व्हिसा झाले. पण आगरी लग्न धवलारनीशिवाय लागत नाही. धवले म्हणजे लग्नाची गाणी गाऊन विधी पार पाडणाऱ्या या बाईचा मान भटजीइतकाच. त्यांच्याच नावडे गावातल्या या आजीनं त्या घरातली तीन पिढ्यांची लग्नं लावलेली. मात्र तिचा पासपोर्टच उशिरा आला, व्हिसाला वेळ उरला नाही. तेव्हा एजंट म्हणाला, टेन्शन नको, खाजगी विमानातल्या कर्मचाऱ्यांना व्हिसा लागत नाही. आजी कर्मचारी.

वधूपित्याला बोलावलं. गडी प्रामाणिकपणे गोंधळलेला. "सायेब, भाऱ्याची गारी घेतली तर आतली मानसं कोन मोजतं? इमान बी तसाच ना?"

मी त्यांना समजावलं. विमान खाजगी असलं तरी उतरणारा माणूस तिथे परकाच. काही देश कर्मचाऱ्यांना सवलत देतात, पण ती खऱ्या कर्मचाऱ्यांना.

एजंट मात्र पक्का. सगळं कायदेशीर आहे, एवढंच पालुपद. आपण आरडाओरडा केला म्हणून असे लोक बोलत नाहीत, हा माझा अनुभव. मी आजीला आणून त्याच्या समोरच्या खुर्चीत बसवलं.

"आजी, विमानात तुमचं काम काय?"

"सेवा," आजी पाठ केल्यासारखं म्हणाली.

"कसली?"

"त्या नाय सांगला. कोनी इचारला तर हसायचा, बस."

मी एजंटाकडे वळलो. "तिकडचा अधिकारी इंग्रजीत विचारेल, हिला एकटीला खोलीत बसवेल. तेव्हा काय करायचं हिनं?"

उत्तर आजीनंच दिलं. "हसंन की मी."

आणि ती हसून दाखवू लागली. तोंडात मोजके दात, डोळ्यांत पूर्ण विश्वास. एजंटाची मान खाली गेली ती वर आलीच नाही. तशाच खाली मानेनं तो बोलायला लागला. याआधी एका स्वयंपाक्याला त्यानं असंच पाठवलं होतं, आणि त्या बिचाऱ्याला तिथल्या विमानतळावर कोंडून परत धाडलं होतं. म्हणजे आजीचं काय होणार हे त्याला ठाऊक होतं. बनावट ओळखपत्र जप्त केलं, फसवणुकीचा गुन्हा नोंदवला.

कायद्याचं काम झालं, पण आजी उठेना. "म्हंजे माजा इमान गेला?" तिनं सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं.

उत्तर नवरीनं दिलं. धवले झाल्याशिवाय मी विमानात चढणार नाही, असं तिनं बापाला ठणकावलं. लग्न नावड्यातच, घरापुढच्या मांडवात लागलं. परदेशात फक्त जेवणावळ झाली.

मला आमंत्रण होतं. धवल्यांत पाहुण्यांची नावं गुंफून चिमटे काढायची रीत. आजीनं माझ्याकडे बोट करून नवी ओळ रचली, तिचं विमान अडवणाऱ्या फौजदाराची. मांडव हसून लोटपोट. मीही हसलो. पुढच्या ओळीत तिनं माझ्या पोराबाळांना आयुष्य मागितलं, तेव्हा मात्र मला रुमाल काढावा लागला.

नोकरीत मी लोभानं गुन्हे करणारे पुष्कळ पाहिले. या प्रकरणानं दुसरी जात दाखवली: आपलं माणूस मागे राहू नये म्हणून वाट्टेल त्यावर विश्वास ठेवणारी. त्यानंतर फसलेला माणूस समोर आला की "एवढं कसं कळलं नाही?" हा प्रश्न मी कधी विचारला नाही. कुणाला सोबत न्यायचं होतं, तेवढं विचारायचो. बाकीचं लोक आपणहून सांगत.