मामंजींच्या वाट्याचं दूध

लातूर जिल्हा झाला आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. कचेऱ्यांच्या पाट्या रंगल्या, नळाला मात्र पाणी येईना. त्या उन्हाळ्यात मामंजी, म्हणजे माझे सासरे, अडतीवरून एकच चप्पल घालून घरी आले. दुसरी कुठं निसटली, त्यांना पत्ता नव्हता. तळवा भाजून फोड आलेला, आणि हे गृहस्थ निवांत पाणी मागतायत! माहेरी मला वडील नव्हते. होते ते हेच.

मग ते भिंतीला धरून चालू लागले. तोंड पिवळट, जीभ लाल गुळगुळीत. गल्लीतल्या डॉक्टरांनी ताकदीचं औषध दिलं, दूध पाजा म्हणाले. चाऱ्याअभावी गवळी पावशेरावर आला होता. ते सगळं मी मामंजींना द्यायला लागले. तीन वर्षांची लेक पेल्याजवळ आली की मी खेकसायची, हातावर चापटही मारायची. मुळात मी फटकळ, त्यात धास्तावलेली. रोज सकाळी मामंजी उठून उभे राहतात का, हेच दारातून बघत बसायची.

शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं. आम्ही लिंगायत, गळ्यातल्या लिंगाला परक्याचा हात लागू नये म्हणून मामंजी सदरा काढत नसत. गल्लीतल्या डॉक्टरांनी सदऱ्यावरूनच तपासलं होतं. इथले डॉक्टर म्हणाले, लिंग तुम्हीच मुठीत धरा, मी नुसतं पोट बघतो. सदरा वर गेला आणि बेंबीच्या वर लांबलचक जुना व्रण दिसला. तरुणपणी हैदराबादेत अल्सरचं ऑपरेशन झालेलं, जठराचा मोठा भाग काढलेला. लग्नाला पाच वर्षं झाली, मला पत्ता नाही! सांगितलं का नाही विचारलं, तर म्हणाले, "ते तवाच मिटलं की."

डॉक्टरांनी समजावलं. रक्ताला नि नसांना बी-बारा नावाचं जीवनसत्त्व लागतं. ते आतड्यातून अंगात जायचं तर जठरातून पाझरणारा एक पदार्थ त्याच्या सोबतीला हवा. जठराचा एवढा भाग काढल्यावर तो पुरेसा येणार कुठून? अंगातला साठा इतकी वर्षं पुरला, आता संपला. यापुढं जन्मभर इंजेक्शनं. पाय किती सुधारतील, ते त्यांनाही सांगता येईना.

मी विचारलं, "आणि मी पाजलं ते दूध?"

"दूध वाईट नाही. पण हे जीवनसत्त्व त्यातून त्यांना मिळणार नव्हतं."

घरी येऊन मी पेला लेकीपुढं ठेवला. मामंजीही पी म्हणाले. तिनं दोन्ही हात पाठीमागं नेले नि माझ्याकडं बघून विचारलं, "मारणार न्हाईस न?"