परदेशात भेटलेला रुपया

पावतीवरची शाई पुसट झालीय, पण रुपयाचं चिन्ह अजून नीट दिसतं. लिस्बनला भाड्याची गाडी परत करताना काउंटरवरच्या मुलीनं हसून विचारलं होतं, “कार्डावर युरो लावू की तुमचे रुपये?” आठ दिवस परक्या नोटा हाताळल्यावर यंत्रावर आपला रुपया दिसला आणि गावचं माणूस भेटल्यासारखं झालं. मी लगेच रुपये म्हणालो.

घरी कार्डाचं बिल आलं तेव्हा कळलं, युरोचा दर गाडीवाल्यांनी मनाला येईल तसा, बँकेपेक्षा बराच चढा लावला होता. बँकेतल्या बाई फोनवर म्हणाल्या, “पण सर, रुपये तुम्हीच निवडलेत ना? युरो म्हणाला असतात, तर आमचा दर लागला असता.”

निवडले खरे. युरोत लुबाडलं असतं, तर दोन शिव्या देऊन मोकळा झालो असतो. त्यांनी आपल्याच रुपयाला पुढे केलं. आता परदेशात कुणी मराठीत हाक मारली, तर मी आधी खिसा चाचपेन.