तांदळातल्या किड्यांचा तास

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी कुठंही सांगते आणि मान वर करून सांगते. वडील शाहूपुरीत गुळाच्या अडतीवर हमाली करायचे, आई तिथल्याच एका दुकानात झाडलोट. दोघांनी मला अभ्यासातलं कधी काही विचारलं नाही, कारण काय विचारायचं हेच त्यांना माहीत नव्हतं. मी गाइड पाठ करायची आणि पहिली यायची. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला सरांनी एक उतारा वाचला, मला उठवलं आणि विचारलं, "यावर तुला काय वाटतं?" मी नुसती उभी. मला काय वाटतं हे कुठल्याच गाइडमध्ये दिलेलं नव्हतं. सगळा वर्ग माझ्याकडं बघत होता. शेवटी सर "बस" म्हणाले. ती लाज अजून गेलेली नाही.

पुढं शिक्षिका झाले आणि काही वर्षांनी इतर शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं काम माझ्याकडं आलं. विद्यार्थीकेंद्री शिक्षण, समस्येवर आधारित शिक्षण, अशी त्याची लांबलचक नावं. मी सोपं करून सांगायची. मुलांपुढं त्यांच्याच जगण्यातली एखादी अडचण ठेवायची. उत्तर सांगायचं नाही. प्रश्न त्यांनी काढायचे, शोध त्यांनी घ्यायचा आणि आपण गप्प बसायचं. या गप्प बसण्यावर सभागृहात हमखास हशा व्हायचा. मागच्या बाकावरनं कुणीतरी म्हणायचं, "मॅडम, गप बसायला शासनानं नेमलंय व्हय आम्हाला?" मीही हसायची. पण माझ्यासाठी ते काम हसण्यावारी नव्हतं. माझ्यासारखी एक जरी पोरगी वर्गात मुकी उभी राहायची वाचली तर हे सगळं वसूल, असं मला वाटायचं.

आणि तशी पोरगी मला सापडली होती. निदान मी तरी तसं समजत होते.

माझी मैत्रीण चंदगड तालुक्यातल्या एका शाळेत पाचवीचा वर्ग घ्यायची. ती मूळची गडहिंग्लजकडची. कॉलेजला कोल्हापुरात आली तेव्हा दर रविवारी आमच्याकडं जेवायला असायची. मला अक्का म्हणायची, माझ्या आईला अव्वा. डी.एड.सुद्धा आम्ही बरोबरच केलं. माझ्या पहिल्याच प्रशिक्षणात ती पुढच्या रांगेत बसली होती आणि जाताना म्हणाली, "अक्का, माझ्या शाळेत करून दाखवते बघ."

चंदगडच्या पावसात शाळेतल्या पोषण आहाराच्या तांदळाला दरवर्षी किडे व्हायचे. तिनं तीच अडचण घेतली. प्रशिक्षणात मी प्रत्येक तासाचं कार्ड वाटायची, पायऱ्या आणि शेवटी अपेक्षित निष्कर्ष छापलेलं; तसलंच तांदळाचं एक तिला करून दिलं. दोन महिन्यांनी तिनं मला वर्गाचा व्हिडिओ पाठवला. ताटात किडे पडलेला तांदूळ, भोवती मुलं बसलेली. बाई विचारतात, "याचं काय करायचं?" मुलं ताटात वाकून बघतात. मग दोन वेण्यांची एक बारकी पोरगी म्हणते, "बाई, ह्यो किडा बाहेरनं येतोय, का तांदळाच्या आतच असतोय?"

तो प्रश्न ऐकून मी स्वयंपाकघरात एकटीच रडले. खरंच सांगते.

पुढं मुलांनी दोन बरण्या ठेवल्या, एक उघडी आणि एक घट्ट झाकणाची. व्हिडिओच्या शेवटी उघड्या बरणीत किडे आणि झाकलेलीत स्वच्छ तांदूळ. मुलं टाळ्या वाजवतात.

दोन वर्षं मी तो व्हिडिओ प्रत्येक प्रशिक्षणात दाखवला. मोठ्या साहेबांनी बघितला आणि मला सगळ्या तालुक्यांत पाठवायला लागले. मी प्रत्येक ठिकाणी व्हिडिओ त्या पोरीवर थांबवायची आणि म्हणायची, "हिला हे कुणी शिकवलं? कुणी नाही. बाई गप्प बसल्या, म्हणून ही बोलली."

यंदा पावसाळ्यात गडहिंग्लजला प्रशिक्षण होतं. दुसरा दिवस दुपारीच आटोपला आणि समोर चंदगडची एसटी लागलेली दिसली. मनात आलं, त्या पोरीला एकदा भेटावं. मैत्रिणीला कळवलं नाही. म्हटलं, चकित करू.

शाळेत पोचले तेव्हा मैत्रीण ऑफिसात माहिती भरत बसली होती. मी सरळ सातवीच्या वर्गात गेले. पोरगी उंच झाली होती, वेण्या तशाच. शेजारी बसले आणि म्हटलं, "तुला मी रोज बघते गं. तो तांदळाचा तास आठवतोय का? काय काय झालं होतं तेव्हा?"

ती उठून उभी राहिली. हात मागं बांधले.

"सुरुवातीपासनं म्हणू का बाई?"

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "म्हण."

तिनं म्हटलं. "बाई, ह्यो किडा बाहेरनं येतोय," इथं थांबली, मग "का तांदळाच्या आतच असतोय?" व्हिडिओत थांबली होती तिथंच थांबली, तेवढीच. मग पलीकडच्या बाकावरच्या पोराकडं बोट केलं. "आता ह्याचा नंबर." तो पोरगा उठला आणि म्हणाला, "आपण दोन बरण्या ठेवून बघूया का?" सगळा वर्ग खूश. पाहुण्या बाईंपुढं एक शब्द चुकला नव्हता.

मी पोरीच्या पाठीवरनं हात फिरवला. "छान," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तिचा काय दोष?

मैत्रीण व्हरांड्यात येऊन उभी होती. माझ्या चेहऱ्यावरनंच तिला कळलं असणार.

"अक्का, चहा घेतेस?"

"किती दिवस पाठ करून घेतलंस?"

तिनं मला वर्गाच्या दारापासनं बाजूला घेतलं. मग म्हणाली, "आठवडा."

"तो प्रश्न तिचा नव्हता?"

"पहिल्या दिवशी ताट ठेवलं, अर्धा तास गप बसले. तू सांगितलंस तशी. एक पोरगं बोललं न्हाई. एकानं विचारलं, बाई तुमचा घसा बसलाय का? मग काय करणार? तू वाट बघत होतीस. रोज फोन. झालं का, झालं का."

"मग झालं नाही म्हणून सांगायचं."

"तुला?" ती हसली. ते हसणं मला लागलं. "तुला न्हाई म्हणून सांगायचं व्हय? अव्वाच्या हातचं जेवलीय मी."

"आणि बरण्या? त्या तरी खऱ्या होत्या का?"

"बरण्या खऱ्याच. तुझी आण." ती बाहेरच्या पावसाकडं बघत बोलायला लागली. "पण दोन्हीत किडे झाले, अक्का. झाकलेलीत पण. आता तू दिलेल्या कार्डावर छापलंय, अपेक्षित निष्कर्ष, बंद बरणीत किडे होत नाहीत. मी म्हटलं, माझंच झाकण सैल बसलं असंल. मग त्यातला तांदूळ काढला आणि दुकानातला नवा घातला."

मी तिथल्या बाकड्यावर बसले. किडा दाण्याच्या आतच अंडी घालतो, हे मी नंतर वाचलं. म्हणजे झाकण नीटच बसलं होतं. कार्डावर चुकीचं मी लिहिलं होतं, बरणीत बरोबर उत्तर आलं होतं, आणि माझ्या मैत्रिणीनं माझ्या कार्डापायी ते उत्तर ओतून टाकलं होतं. मुलांनी बघितलं असेल ना ते? कुणीतरी बघितलंच असेल. कुणी काही विचारलं नाही.

एवढं कळूनही माझा राग कमी झाला नाही. कार्ड चुकलं ही माझी चूक, ती मी मान्य करते. पण चूक वेगळी आणि तोंडावर खोटं बोलणं वेगळं. दोन वर्षं मी त्या पोरीच्या नावानं शपथ घेतल्यासारखी बोलत होते आणि ही दर वेळी फोनवर विचारायची, "काय म्हणाली गं माणसं? आवडला का व्हिडिओ?" मी भरभरून सांगायची. तेव्हा हिला काय वाटत असेल? चहा न घेताच मी निघाले. ती छत्री घेऊन फाट्यापर्यंत आली. एसटी येईपर्यंत आम्ही दोघी एका छत्रीखाली उभ्या होतो.

पुढच्या आठवड्यात कोल्हापुरात साठ शिक्षकांपुढं उभी राहिले. बहुतेकजण माझ्या आधीच्या प्रशिक्षणांना येऊन गेलेले. व्हिडिओ लावलेला होता. त्या पोरीवर थांबवला, आणि रोजचं वाक्य तोंडातनं निघेना. मग मी सरळ सांगून टाकलं. शाळेचं, बाईंचं नाव घेतलं नाही. म्हटलं, "हा तास बसवलेला आहे. मला माहीत नव्हतं. मी तुम्हा लोकांना दोन वर्षं खोटं दाखवलं, माफ करा."

मला वाटलं, सभागृह हादरेल.  पण पुढच्या रांगेतले एक वयस्कर गुरुजी समजूत घातल्यासारखं म्हणाले, "असू दे हो मॅडम. आम्हाला ठावं होतं की."

"काय ठाऊक होतं?"

"अहो, पोरगी मध्येच थांबती, कॅमेऱ्याकडं बघती, मग पुढचं म्हणती. आम्ही पण असंच बसवतो. साहेब यायचे म्हटल्यावर कोण सोडणार पोरांना मोकळं?"

बायकांच्या रांगेतनं एकजण म्हणाली, "आम्हाला वाटलं, तुम्हाला पण माहीत असणार."

मग मोकळेपणानं हशा झाला. त्यात कुणाच्या मनात वाईट नव्हतं. म्हणूनच तो जास्त लागला. माझ्या मैत्रिणीनं एकटीनं फसवलं असतं तर मी एका माणसावर रागावून मोकळी झाले असते. इथं समोर साठ माणसं होती. टाळ्या वाजवलेली, वहीत टिपून घेतलेली, चहाच्या वेळी "डोळे उघडले मॅडम" म्हणालेली. त्यांच्यासारखीच प्रत्येक तालुक्यातली. सगळ्यांना माहीत होतं. ज्या गोष्टीवर माझा एवढा जीव होता, तिच्यावर विश्वास ठेवणारी त्या जिल्ह्यात बहुतेक मी एकटीच होते.

कार्डं मी बंद केली. व्हिडिओही काढून टाकला. मैत्रिणीचा दिवाळीला फोन आला, तो मी घेतला, पोराबाळांचं विचारलं, ठेवला. अक्का म्हणाली, पण मला ते पूर्वीसारखं ऐकू आलं नाही.

काम मात्र सोडलं नाही. अजून शाळांत जाते, मागं बसून तास बघते. आणि माझं एक कायमचं नुकसान झालंय. कुठल्याही वर्गात एखाद्या लेकरानं उठून चांगला प्रश्न विचारला, की मला त्याचं तोंड बघवत नाही. मी आधी त्याच्या बाईंकडं बघते, त्याच्या शब्दांबरोबर त्यांचेही ओठ हलतायत का.