खिडकीतून टाकलेला दुपट्टा

श्रीलंकेला जायचं ठरलं आणि आम्हा मायलेकींचं पहिलं भांडण झालं ते कोलंबोहून अनुराधापूरला कशानं जायचं यावरून. मी मोबाइलवर ड्रायव्हरसकट भाड्याची कार पाहून ठेवली होती. आईला आगगाडीच हवी होती.

"गुडघ्याचं ऑपरेशन झालं आहे ना तुझं? गर्दीत पडली तं?" मी म्हणाले.

"पडत नाही मी. कारमंदी कोणासंग बोलू? त्या डायवरासंग? तिथली मानसं कसी पाहीन मी?"

अनुराधापूरच्या बोधिवृक्षापुढे एकदा हात जोडायचे, एवढीच तिची इच्छा होती. बाबांनाही जायचं होतं, पण त्यांचं राहून गेलं. त्यांचा पांढरा दुपट्टा तिनं धुऊन पिशवीत घेतला होता. आईनं सत्तरी ओलांडली होती, पुन्हा जमेल याचा भरवसा नव्हता. मला तिला एकदा तरी सुखानं न्यायचं होतं. आसगावहून एसटीनं भंडारा, तिथून भंडारा रोड स्टेशन आणि मग खच्चून भरलेल्या गाडीनं नागपूर, अशा दीक्षाभूमीच्या खेपा मी लहानपणी भरपूर केल्या होत्या. गाडी थांबायच्या आत बाबा खिडकीतून हाच दुपट्टा टाकून जागा धरायचे. मला तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

शेवटी मी हरले. आईपुढे मी दरवेळी हरते.

कोलंबोच्या फलाटावर पौर्णिमेच्या आदल्या दिवशीची गर्दी होती, बरेचजण पांढऱ्या कपड्यांत. आईही पांढऱ्या साडीत. गाडी आली. मी बॅगा उचलते तोवर आईनं पिशवीतून दुपट्टा काढला आणि खिडकीतून आत फेकलासुद्धा.

"धरली जागा!" ती खुशीत म्हणाली. परदेशात येऊनही तेच! माझं डोकं तापलं, पण आत जाऊन मीही मुकाट बसले.

डोक्यावर सिंहली अक्षरांत पाटी होती. ती आम्ही काय वाचणार? थोड्या वेळानं एक म्हातारे भन्तेजी येऊन शांतपणे उभे राहिले. शेजारच्या मुलीनं इंग्रजीत मला सांगितलं, ही बाकं भिक्खूंसाठी राखीव आहेत.

मी आईला सांगितलं मात्र, ती ताडकन उठली, पाठोपाठ मीही. तोंड एवढंसं झालं तिचं. भन्तेजी हसले, पण तिची मान वर होईना. डबा गच्च भरलेला. एका हातानं दांडा धरून, दुखरा पाय उचलून ती उभी राहिली. "म्हणूनच कार म्हणत होते मी," असं ओठांवर आलं होतं. तिच्याकडे पाहिलं आणि गिळलं.

तेवढ्यात समोरच्या बाकावरच्या दोघी बायका एकदमच उठल्या. त्यांनी आईला दंडाला धरून बसवलं. कुठून आलात, असं खुणेनं विचारलं. आईनं "भंडारा" सांगितलं, मग "नागपूर" सांगितलं. त्यांना काहीच कळलं नाही. तेव्हा आईनं हात जोडले आणि "बुद्धं सरणं गच्छामि" असं त्रिशरण म्हणायला लागली. दुसऱ्या ओळीला त्या दोघी मिसळल्या, तिसरीला अर्धा डबा. चाल त्यांची वेगळी होती, शब्द तेच होते. मला रडू आवरेना.

संध्याकाळी बोधिवृक्षापुढे आईनं फुलं वाहिली, बाबांचा दुपट्टा मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. मग म्हणाली, "लहानपणी आमी बसलो का बाजूचे लोकं उठून जात. आज मले जागा द्याले उठले."



परतीसाठी कार सांगू का, असं लॉजच्या मालकानं विचारलं. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी स्टेशनवर गाडी आत येऊ लागली तशी मी आधी राखीव बाकं कुठली ते एकाला विचारून घेतलं. मग आईच्या हातातून दुपट्टा घेतला आणि खिडकीतून टाकला.