नदीकडची फळी

जुन्या सामानाच्या धंद्यात माझा एक नियम आहे: सेट फोडायचा नाही. सहा कपांतले चारच मागणारं गिऱ्हाईक रोज येतं. मी दर खाली आणीन, वर बशा देईन, पण चार कप देणार नाही. उरलेल्या दोघांना पुढे कोणी विचारत नाही. हे मी पुण्याच्या जुन्या बाजारात, वडिलांच्या गोणपाटावर बसून शिकलो.

२०११ साली मी न्यूझीलंडला शिकायला आलो. त्या शिक्षणाला इथे कोणी विचारलं नाही. ऑफिसांच्या लाद्या पुसल्या आणि अप्पर हट गावच्या स्टेशनसमोर जुन्या सामानाचं स्वतःचं दुकान उभं केलं. एका गणपतीत पुण्याच्याच एका इंजिनियरने बायकोशी माझी ओळख करून दिली, "हे आपले भंगारवाले." सगळे हसले. मीही हसलो. पण ते हसणं मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

२०१६च्या सुमारास एका पोलिश म्हाताऱ्याने घर रिकामं करायला बोलावलं. ऐंशीला टेकलेला, बायको गेलेली, वृद्धाश्रमात निघालेला. एका कपाटावरून आमची तासभर जुंपली.

"तुझ्यासारखा चिकट माणूस पाहिला नाही," तो म्हणाला.

"आरसा पण विकायचाय ना? त्यात बघा."

तो खो खो हसला आणि मला गॅरेजमध्ये घेऊन गेला. तिथे दोन लांब फळ्या शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या आणि त्यांवर लाकडाचं एक अख्खं गाव होतं. विस्तुला नदीकाठचं, युद्धात आठव्या वर्षी सुटलेलं त्याचं गाव. वीस वर्षं खपून त्याने ते केलं होतं.

वरच्या फळीवर टेकडी: पडका किल्ला, विटांचं चर्च, चौकात विहीर. खालच्या फळीवर नदी, धान्याची उंच कोठारं, नावाड्यांची घरं आणि चामडं कमावणाऱ्यांची गल्ली. गल्लीच्या टोकाला ज्यूंचं लाकडी प्रार्थनाघर. एकेका घरावर बोट ठेवत तो सांगत गेला. या कोठारांतला गहू शेकडो वर्षं नावांतून समुद्राकडे जायचा. त्या पैशावर टेकडीवरचं चर्च उभं राहिलं. पुढे रेल्वे दुसरीकडून गेली आणि कोठारं ओस पडली.

"आणि ही गल्ली युद्धात जर्मनांनी एका सकाळी रिकामी केली. प्रार्थनाघर जाळलं. आता तिथे गवत आहे." त्याचं बोट शेजारच्या घरावर गेलं. "हे आमचं. वडिलांची होडी होती. गावात येणारा प्रत्येक जण आधी आमच्या दारात उतरायचा."

हे गाव तो इथल्या इतिहास मंडळाच्या हॉलला देणार होता. कमिटी हो म्हणाली होती. व्हॅन माझी. भाडं मी सोडलं नाही.

हॉलमध्ये कमिटीच्या बाई टेप घेऊन उभ्या होत्या. "किया ओरा!" त्यांनी माओरीतला नमस्कार घातला. "किती सुंदर! पण जागा एकाच फळीची आहे. वरची ठेवू या. किल्ला, चर्च, लोकांना तेच बघायचं असतं. खाली काय, बऱ्याचशा शेडच आहेत ना?"

म्हाताऱ्याने खालच्या फळीवरून एकदा हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "ठीक आहे. अर्धं तरी राहील."

माझं डोकं फिरलं. कपाटाच्या बिजागरीसाठी माझ्याशी वीस मिनिटं भांडलेला माणूस स्वतःचं घर असं सोडून देत होता.

"त्या शेडांनीच चर्च बांधलंय," मी म्हणालो. "ठेवायचं तर दोन्ही ठेवा."

"तू व्हॅनवाला ना? तुझा यात काय संबंध?"

"सेटचा माल आहे, बाई. मी फोडून देत नाही."

दोन्ही फळ्या परत व्हॅनमध्ये चढल्या. म्हातारा शेजारी धुमसत बसला होता. "गाव माझं, आणि नाही म्हणणारा तू कोण?"

बरोबर होतं त्याचं. मी गाडी कडेला घेतली. "सांगा, वळवू का परत?"

त्याने मागे वळून फळ्यांकडे पाहिलं. "बायको म्हणायची, हात थरथरायला लागायच्या आत नदीकडची बाजू करून घे. मी तीच आधी केली." मग म्हणाला, "तुझ्या दुकानात चल."

दर्शनी काचेतला सोफा काढून तिथे गाव मांडलं. बायको म्हणाली, "अहो, इतक्या वर्षांत एक वस्तू न विकता ठेवलीत, तीही दुसऱ्याचं गाव!"

ट्रेनमधून उतरणारे लोक थांबून बघू लागले. दर गुरुवारी म्हातारा येऊन खुर्ची टाकून बसायचा. एकदा तो इंजिनियर आला. "कितीला देणार?"

"विकायचं नाही."

"भंगारवाले, तुमच्याकडे सगळं विकाऊ असतं हो!"

"हे नाही. या, बसा." मी त्याला म्हाताऱ्यासमोर बसवलं आणि अख्ख्या गावाचा इतिहास ऐकायला लावला. चाळीस मिनिटं. मधे उठू दिलं नाही.

वर्षभराने त्या कमिटीच्या बाई दुकानात आल्या. चाकांचं एक मोठं टेबल मिळालंय, दोन्ही फळ्या मावतील म्हणाल्या. माफी मागितली नाही. म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तू बोल. घासाघीस तुझं काम."

"नदी दाराकडे राहिली पाहिजे," मी म्हणालो.

"मग चर्च मागे जाईल!"

"गावातही मागेच होतं. माणसं नदीतून यायची."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तो माझ्यापेक्षा ताठ बसला होता. त्यांनी उसासा टाकला आणि होकारार्थी मान हलवली.

म्हातारा आता नाही. हॉलमध्ये पाऊल टाकलं की आधी त्याच्या वडिलांचं घर दिसतं. मी अधूनमधून तेवढंच बघायला जातो. मध्यंतरी एकदा गेलो तर कोणीतरी टेबल फिरवून चर्च पुढे आणलं होतं. मी कोणालाही न विचारता चाकांचे ब्रेक सोडले, नदी पुन्हा दाराकडे केली आणि दुकानात परत आलो.