अमावस्येचा लिलाव
माझी थोरली बहीण सिन्नरकडे सासरच्या विहिरीत सापडली, तेव्हा तिची मुलगी दोन वर्षांची होती. बहिणीच्या डोक्याला मागून खोक पडली होती. पाय घसरला, कठड्याचा मार लागला, असं सगळे म्हणाले आणि कागदावर अकस्मात मृत्यू लागला. दाजींनी जबाब दिला होता की ते दिवसभर लासलगावला कांद्याच्या लिलावात होते, संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन परतले तर दारात गर्दी. वर्षाच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं. भाची आमच्याकडे नाशिकरोडला वाढली.

त्याला पंचवीस वर्षं झाली. भाची आता नर्स आहे, डोक्याच्या जखमा तिने पुष्कळ पाहिल्यात. गेल्या वर्षी तिने पोलीस ठाण्यात खेटे घालून जुन्या जबाबांच्या नकला मिळवल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. म्हणाली, "मामा, पपा खरंच तिथे होते का, एवढंच बघू."

मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला माणूस. तपासातलं मला काय कळणार? पण तिला एकटीला पाठवणं जिवावर आलं.

लासलगावला बाजाराबाहेर चहाच्या टपरीवर एक म्हातारा हमाल भेटला. एवढं जुनं कोणाला आठवतंय, म्हणत तो हसला. भाचीने तारीख सांगितली. सवयीने मी म्हणालो, पौषातली अमावस्या होती, आम्ही त्याच तिथीला श्राद्ध करतो. त्याने ग्लास खाली ठेवला.

"मंग लिलाव कसला, दादा? अमावस्येला तवा बाजार बंद राहायचा."

पंचवीस वर्षं मी त्या तिथीला पान वाढत होतो. एकदाही हे मनात आलं नव्हतं.

तिथून आम्ही तडक दाजींकडे गेलो. ते ओट्यावर बसले होते. भाचीने त्यांचाच जबाब त्यांना वाचून दाखवला आणि त्या दिवशी बाजार बंद होता, असं सांगितलं. त्यांनी तो कागद हातात घेऊन स्वतः वाचला. मग म्हणाले, घरीच होतो, भांडण झालं, ढकललं, मारायचं मनात नव्हतं. भाची जागची हलली नाही. दाजी माझ्याकडे वळले.

"लासलगावला होतो असं सांग, हे तुमच्या वडिलांनीच सांगितलं मला. म्हणले, पोरीची आई गेली, बाप तरी राहू दे."

वडील मरेपर्यंत त्या घरचं पाणी प्यायले नाहीत. लेक गेल्याचं दुःख, असं आम्ही धरून चाललो होतो.

आम्ही ठाण्यात अर्ज दिला. पोलिसांनी दाजींना बोलावलं, तर असं काही बोललोच नाही म्हणाले. बाजार बंद असल्याचं दाखवलं, तर दिवस चुकला असेल म्हणाले. अर्ज अजून तिथेच आहे.

भाची दर पंधरवड्याला चौकशीला जाते, मीही जातो. परवा ठाण्यातल्या बाकावर तिने विचारलं, "आजोबा असते तर त्यांचंही नाव लिहून दिलं असतंस का?"

मी हो म्हणालो. पण म्हणायला वेळ लागला, आणि तो तिला कळला. आत आमचा नंबर पुकारला तेव्हा ती एकटीच उठून गेली.