भाऊजींचा ढग

आमच्या भाऊजींइतका कागदावरच्या चित्राच्या आज्ञेत राहणारा माणूस अख्ख्या न्यूझीलंडात दुसरा नसेल. भाऊजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे यजमान. पापाकुऱ्याला फार्मसीत आहेत. तिथे औषधाच्या मात्रेबद्दल जितके काटेकोर, तितकेच सुट्टीच्या दिवशी आपल्या छंदाबद्दल. एका जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या चित्रकारांनी म्हणे इथल्या खऱ्याखुऱ्या जागा पाहून दृश्यं रंगवली आहेत. भाऊजी त्या जागा हुडकून काढतात, चित्राची छापील प्रत हात लांब करून समोर धरतात आणि चित्रातली टेकडी खऱ्या टेकडीवर तंतोतंत बसली की मगच फोटो. बरं, टेकडी बसून भागत नाही, ढगही बसावा लागतो. चित्रात ढग डावीकडे असेल तर तो डावीकडे येईपर्यंत भाऊजी थांबतात, आणि डब्यातल्या पोळ्या वातड होईपर्यंत त्यांच्यासोबत आम्हीही.

फोटोत पात्रंही लागतात. ती आम्ही. "मेव्हणे, आज तुम्ही बकरी," हे वाक्य मी एका हिरव्यागार कुरणात, अनोळखी शेतकऱ्यादेखत ऐकून घेतलेलं आहे. ओटाहुहूला तर एका डेअरीबाहेर, म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानाबाहेर, मला आइस्क्रीम घेऊन उभं केलं होतं. चित्रातलं आइस्क्रीम अर्धं वितळलेलं आणि आमचे दिवस कडाक्याच्या थंडीचे, त्यामुळे ते काही केल्या वितळेना. शेवटी दुकानदार 'किया ओरा' असा इथला नमस्कार करत चौकशीला बाहेर आला. भाऊजींनी त्याला चित्र दाखवून अडचण सांगितली. मला वाटलं, हा आता आम्हाला हाकलणार. तो 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे 'काही हरकत नाही', म्हणून आत गेला आणि बायकोचा हेअर ड्रायर घेऊन आला. वेड्यांना वेडे कसे भेटतात कोण जाणे.

एक पात्र मात्र कुणालाच मिळायचं नाही. मालिकेतल्या लाल टोपीच्या मुलीची जागा प्रत्येक फोटोत रिकामी, कारण ती माझ्या भाचीची होती. हे खूळ मुळात तिचंच. शाळेत असताना ती बापाला शेजारी बसवून ही मालिका दाखवायची. बाप मराठीत शंका काढायचा, ती इंग्रजीत निरसन करायची. पहिल्या जागा दोघांनी मिळून शोधल्या, आणि तो ढगाचा जाचक नियमही तिनेच घातलेला. मग ती शिकायला दूर पामर्स्टन नॉर्थला गेली. भाऊजी फोटो पाठवत राहिले आणि तिकडून नुसता एक अंगठा येत राहिला.

होता होता शेवटचं दृश्य उरलं. शेताच्या फाटकावर बसलेली मुलगी, शेजारी तिचा बाप, मागे टेकडीवर पवनचक्क्या. हे फाटक नेमकं पामर्स्टन नॉर्थच्या बाहेर निघालं, आणि भाऊजी तिकडे जायचं नाव काढेनात. तिकडचे ढग या दिवसांत चांगले नसतात म्हणे. ढगांचा बिचाऱ्यांचा काय दोष? बोलावलं आणि लेक आलीच नाही तर, या भीतीने ते जात नव्हते, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. अखेर ताईनेच लेकीला फोन केला. 'हीप्स काम आहे, बघते,' एवढंच उत्तर मिळालं; हीप्स म्हणजे ढीगभर. तरी ताईने दशम्या बांधल्या आणि भल्या पहाटे आम्ही निघालो.

फाटकाशी पोचून आम्ही बराच वेळ ताटकळलो, आणि मग ढग आला. अगदी चित्रातला, जागच्या जागी. मी म्हटलं, भाऊजी, उरका आता.

"थोडं थांबू," ते म्हणाले. ते ढगाकडे नाही, रस्त्याकडे बघत होते. असला ढग त्यांनी जन्मात पहिल्यांदा सोडला. तो पवनचक्क्यांवरून सावकाश पलीकडे गेला, आणि आभाळ मोकळं झाल्यावर रस्त्याच्या वळणावर एक सायकल दिसली. सायकलवर लाल टोपी.

भाची आली ती सरळ फाटकावर चढून बसली. चित्रातल्या मुलीचे पाय अधांतरी लोंबकळतात, हिचे खालच्या दांडीला टेकले. तिने सवयीने वर बघितलं.

"बाबा, वेट. क्लाउड बरोबर नाहीये."

"राहू दे गं," भाऊजी म्हणाले. "काढा, मेव्हणे."

तो फोटो आता ताईच्या फ्रिजवर आहे. टेकडी तिरकी, ढगाचा पत्ता नाही, आणि भाऊजी कॅमेऱ्याकडे न बघता लेकीकडे बघताहेत. मालिकेतली दृश्यं संपली. रविवारी मला बकरी व्हायला कुणी बोलावत नाही, आणि खरं सांगतो, मला करमत नाही.